सात बंद घरांच्या चुली

१२ जानेवारी, शुक्रवार

पोचले एकदाची. कुरुळीहून चाकण, पुढं रात्रभर एसटी, मग रिक्षा, मग होडी. होडीत ओकले नाही हे नेहाला कळवायचं होतं, पण बेटावर रेंज नाही. म्हणून तर पोरीनं ही वही दिली. म्हणाली, आई, रोज चार ओळी लिही, आले की वाचीन. माझी चौथी झालेली, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तरी लिहिते.

जागा बेस आहे. पुढं समुद्र, मागं माड, दोन खोल्यांचं कौलारू घर. बावीस वर्षं कंपनीच्या कँटीनला भात शिजवला. नवा ठेकेदार आला आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या बायका घरी बसवल्या. जन्म सगळा भाड्याच्या पत्र्याखाली गेला. इथले पुढारी उद्धवराव म्हणाले, जयमालाबाई, वर्ष काढा, हे घर तुमच्या नावावर करू. मी म्हटलं, वर्ष काय, मरेपर्यंत काढते! सगळे हसले.

नेहा चाकणला पॅकिंगला आहे. सव्वीस जानेवारीच्या सुट्टीला येणार. खिडकीजवळची जागा तिची.

१३ जानेवारी, शनिवार

काम कळलं. असलं काम जन्मात ऐकलं नव्हतं.

माझं सोडून बेटावर घरं बारा. माणसं पाच घरांत, तीही सगळी साठीच्या पुढची. सात घरं बंद. भोवतीचा समुद्र सरकारी पार्क झाला, मासे पकडायला बंदी आली. पर्यटक काचेच्या होडीतून मासे बघतात आणि जेवायला पलीकडं किनाऱ्यावर जातात. इथं चहासुद्धा घेत नाहीत. राहून करायचं काय? उद्धवराव म्हणाले, सातही घरं चाकणला गेली कामाला. मी म्हटलं, वा, ती तिकडं आणि मी इकडं!

रोज सकाळी आठला पार्कची होडी जाते. होडीतला माणूस कौलांवरचा धूर मोजतो. धुराची घरं दहाच्या खाली आली की गाव उठवून किनाऱ्यावर नेणार. म्हणून सातही घरांत सकाळी चूल पेटवायची. तेवढंच माझं काम.

शेजारच्या गिरजाबाईनं बजावलं, "चूल पेटय गे बाये, पण वर काय ठेवू नको." का, ते सांगितलं नाही. मी मान हलवली.

१५ जानेवारी, सोमवार

दोन दिवस ऐकलं, आज नाही. जाळावर काही नाही, नुसती चूल भकाभका जळते, हे मला बघवत नाही. रिकामी चूल घर खाते, असं सासू म्हणायची. नेहा आठ वर्षांची असताना असाच जाळ वाया घालवला म्हणून मी तिच्या पाठीत धपाटा घातला होता.

सात घरांत सात भांडी होतीच. प्रत्येकात मूठभर तांदूळ टाकले. दुपारी कुत्र्यांना घालू म्हटलं.

दुपारी गेले तर सातही भांडी रिकामी. घासलेली, पालथी. बेटावर कुत्रंच नाही, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय.

१६ जानेवारी, मंगळवार

परत भात ठेवला. दुपारी तिसऱ्या घरातलं भांडं पालथं नव्हतं. आत माशाचं कालवण, वाफ येतेय.

हे मला पटलं. कुणाचं भांडं रिकामं परत देऊ नये. कुरुळीला शेजारची कौशल्याबाई चिमूटभर साखर का होईना, पण वाटीत घालूनच द्यायची. इथंही रीत कळणारं कुणीतरी आहे. तिथंच उंबऱ्यात बसून खाल्लं. काय हात म्हणावा! बावीस वर्षं मी लोकांना वाढलं. मला कुणी केलेलं गरम अन्न मी शेवटचं कधी खाल्लं, आठवत नाही.

१८ जानेवारी, गुरुवार

आता सातही घरांतून काही ना काही येतं. खाऊन खाऊन जड झालेय. अंगात गळाठा आहे, पायऱ्या चढवत नाहीत.

गिरजाबाईला म्हटलं, तुमच्यात कालवण फक्कड कोण करतं? तिची विळी थांबली. "खाल्लंस?" मी म्हटलं, भांडं चाटून पुसून. तिनं दार माझ्या तोंडावर लावलं. काय माणसं! मीही दाराला लाथ घातली. आवाज आला नाही.

१९ जानेवारी, शुक्रवार

उद्धवरावांना विचारलं, तुमची माणसं चाकणला कुठल्या कंपनीत? मला सगळी गेटं पाठ आहेत. त्यांनी दोनदा विचारलं, कोण बोललं? मी पुढ्यातच उभी होते.

मग समुद्राकडं बघत सांगितलं. तीन पावसाळ्यांमागं सातही घरं एकाच होडीतून निघाली. ट्रंका, पोरंबाळं, देव, सगळं घेऊन. खडकावर होडी उलटली. धक्क्याला कुणी लागलं नाही. चाकणला गेली असंच गावानं सांगितलं, नाहीतर गाव तेव्हाच उठलं असतं. चुलीवर अन्न दिसलं की त्यांना घर चालू आहे असं वाटतं. आणि त्यांचं भरलेलं भांडं ज्यानं खाल्लं तो

वाक्य अर्धं टाकून उठून गेले.

२० जानेवारी, शनिवार

भात ठेवला नाही. फक्त जाळ केला.

दुपारी सातही भांडी माझ्या दारात. रिकामी. सुलटी. भरायची वाट बघत असलेली.

पिशवी घेऊन धक्क्यावर गेले. होडीवाल्या कुलदीपला हाका मारल्या. त्यानं वर बघितलं नाही. मी तशीच होडीत बसले. खडकाजवळ पायाला पाणी लागलं. डोळे उघडले तर माझ्याच उंबऱ्यात. साडी ओलीचिंब.

२२ जानेवारी

माझ्यासमोर बोलत होते, मी नसल्यासारखं. गिरजाबाई म्हणाली, हीसुद्धा गेली. उद्धवराव म्हणाले, पोरगी येणार आहे ना तिची. आता आठ घरं बंद झाली. तिलाच विचारू.

मी दोघांना शिव्या घातल्या. आईवरनं. वाऱ्यावर गेल्या.

२४ जानेवारी

डब्यातले तांदूळ हाताला लागत नाहीत. बोटांतनं जातात. चार दिवस पोटात काही नाही. सात घरंही उपाशीच. भांडं गेलं तर भांडं येतं, तशी रीत आहे.

आता दिसतात मला. उंबऱ्यात बसलेले असतात. एका बाईनं सरकून जागा दिली. मी बसले. पाय दुखत होते.

नेहा, येऊ नको.

२६ जानेवारी

आली. ठेचा-भाकरी आणि माझं खोकल्याचं औषध घेऊन. मी धक्क्यावर आडवी उभी राहिले. ती माझ्यातनं चालत गेली —

उद्धवरावांनी तिला सांगितलं, आई किनाऱ्यावर गेली आहे, येईल. तोवर तेवढ्या चुली बघ. गिरजाबाईनं बजावलं, वर काय ठेवू नको. पोरगी हो म्हणाली. ती माझ्यापेक्षा शहाणी आहे.

२७ जानेवारी

आठ चुली. नुसता जाळ. शाब्बास.

दुपारी तिला वही सापडली. मी पानं उलटत होते, पुढं, पुढं वाच — सोळा तारखेपाशी थांबली. कालवण वाचून हसली. म्हणाली, आई ती आईच. पुढची पानं तिला कोरी आहेत. कोरी —

डोळे पुसले. डबा उघडला. तांदूळ मूठभर. एकाच भांड्यापुरते.

२८

माझ्या चुलीवर ठेवले. बाकीच्या नाही. म्हणजे ते भांडं माझं. फक्त माझं. मी खाल्लं नाही तर परत काही जाणार नाही. सुटेल ती.

सात घरं माझ्या मागं उभी.

भात शिजला. मऊ, जरा जास्तच, मला आवडतो तसा. तिला ठाऊक आहे. झाकण काढून बाजूला ठेवलं, आणि म्हणाली, आई, जेवून घे.

आठ दिवस झाले —

मी खाणार नाही. एक शीतसुद्धा नाही. एक शीत खाल्लं तरी भांडं रिकामं कसं द्यायचं, पोरीला, रिकामं कसं

नुसता वास घेते. हात लांबच ठेवलाय. हात लांब