वरच्या कुरणाचं फाटक आणि माझी बाकीची मालमत्ता

मी, व्हर्ना हॉगन, दिवंगत लाइफ हॉगन यांची पत्नी, वय एकोणऐंशी, राहणार विलो फोर्क, मोंटाना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डोळ्यांनी कमी दिसतं आणि गुडघे कामातून गेलेत, पण लिहायला गुडघे लागत नाहीत. मला कोणी धमकावलेलं नाही की गोड बोलून गुंडाळलेलं नाही. गोड बोलणारा एक आहे, त्याचं पुढे येईलच. मी रागात आहे हे मात्र खरं. वकीलसाहेब म्हणाले, बाई, राग उतरू द्या, मग लिहा. मी वाट पाहिली. तो काही उतरत नाही.

कलम पहिलं. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी सगळं दोन्ही मुलांना निम्मं-निम्मं ठेवलं होतं. ते मी रद्द करते. कोणी शोधत बसू नये, ते मी शेगडीत घातलं आहे.

कलम दुसरं, किरकोळ वस्तू. शिवणयंत्र पोस्टातल्या ग्लॅडिस ट्वेड्ट हिला द्यावं असं मनात होतं, पण ती या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणतात. तेव्हा ते ती आजच घेऊन जात आहे. माझी बंदूक रॉबर्टाला. अडलेल्या गाईचं वासरू ओढायच्या साखळ्या गोठ्यात आहेत तिथंच टांगलेल्या राहाव्यात, त्या कोणाच्या मालकीच्या नाहीत, गाईंच्या आहेत. कुंपणाची तार ताणायचं यंत्र शेजारी नील्स स्टेन्सरुड यांच्याकडे इतकी वर्षं आहे की ते त्यांना स्वतःचंच वाटतं. ते माझं आहे. हा मजकूर त्यांना साक्षीदार म्हणून सही करण्यापूर्वी वाचून दाखवला आहे.

कलम तिसरं, रँच. घर, गोठा, गुरं, गुरांवर उमटवायचा आमचा डाग, ओढ्याकाठचं रान आणि वरचं कुरण. हे सगळं मी माझी मुलगी रॉबर्टा हिला देते. माझा मुलगा कर्टिस याला यातलं काहीही देत नाही, वाळकी काडीसुद्धा नाही. तो कोर्टात जाईल. त्याला बोलता छान येतं. म्हणून न्यायाधीशांसाठी कारण इथं लिहून ठेवते. न्यायाधीश शहरातले असतील तर त्यांनी जरा सावकाश वाचावं.

आमच्याकडे फाटकाचा एकच कायदा आहे. उघडं दिसलं तर उघडं ठेवायचं, बंद दिसलं तर बंद. का, म्हणून विचारायचं नाही. ज्यानं ठेवलं त्याला माहीत असतं. कर्टिस चालायला लागला तेव्हा बापानं त्याला आधी हे शिकवलं आणि मग नमस्कार-चमत्कार.

या एप्रिलमध्ये गाई वरच्या कुरणात होत्या, बऱ्याचशा व्यालेल्या. सकाळी आभाळ उत्तरेकडून काळवंडलं म्हणून रॉबर्टानं खालच्या बाजूचं फाटक सताड उघडून ठेवलं. वादळ आलं की गुरं वाऱ्याकडे पाठ करून चालू लागतात. फाटक उघडं असेल तर ती वासरांना घेऊन ओढ्याच्या खोलगटात, विलोच्या झाडीत उतरतात आणि वाचतात.

त्याच दुपारी कर्टिस मिनियापोलिसहून आला. सोबत एक मित्र होता. मित्राला पक्ष्यांची आवड आहे म्हणाला. दोघं गाडी घेऊन रान पाहून आले आणि मुक्कामाला गावात गेले. संध्याकाळी बर्फ सुरू झालं, ओलं, जड, आडवं. अंगणातला खांबसुद्धा दिसेना. उजाडल्यावर रॉबर्टा ट्रॅक्टर घेऊन वर गेली. फाटक बंद होतं. कुंपणाला लागून वासरं गारठून मरून पडलेली होती आणि त्यांच्याजवळ त्यांच्या आया उभ्या होत्या. किती, ते मी लिहिणार नाही. गाई हंबरत होत्या आणि त्यांच्या सडांतून आपोआप दूध गळत होतं.

एक वासरू जगलं होतं, पण त्याची आई गेली होती. रॉबर्टानं एका मेलेल्या वासराचं कातडं सोलून त्या पोरक्याच्या अंगावर बांधलं, म्हणजे ज्या गाईचं मेलं ती वासानं याला आपलं म्हणते. हे आम्ही दर वसंतात करतो. पण त्या दिवशी सुरी चालवताना ती रडत होती. बापाला पुरलं त्या दिवशीही ती रडली नव्हती.

दुपारी कर्टिस कोरे बूट घालून आला. सगळं पाहिलं. आणि त्यानं, त्यानं रॉबर्टाला विचारलं, "बर्टी, फाटक बंद कसं राहिलं?"

ती म्हणाली, "मी उघडलं होतं. म्हणजे, उघडलं होतं असं मला वाटतंय."

"तुला आठवडाभर झोप नाही. होतात अशा चुका, तुला कोण बोलतंय?" मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, "म्हणूनच सांगतो आई, हे आता एकटीच्या आवाक्यातलं नाही. चांगला भाव येतोय तोवर विकून टाकू."

त्यानंतर माझ्या मुलीनं कसे दिवस काढले ते मी पाहिलं आहे. लावलेलं फाटक पाहायला ती पुन्हा जायची, अर्ध्या वाटेतून परत फिरून पुन्हा जायची. जेवताना मध्येच विचारायची, "आई, मी सकाळी फाटकाची साखळी सोडली म्हणून तुला सांगितलं होतं ना गं?" मी हो म्हणायचे. तिला ते खरं वाटायचं नाही. तिला वाटायचं, आई मन राखतेय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तशातली गत. इथं तर संन्यासी स्वतःच गळा पुढे करत होता.

मेअखेर डागणी झाली. शेजारीपाजारी आले, वासरांना डाग दिले, लसी टोचल्या, आणि रिवाजाप्रमाणे सगळे अंगणात जेवायला बसले. कर्टिसही त्या पक्षीवाल्या मित्राला घेऊन आला. एव्हाना कळलं होतं की तो जमिनीचा दलाल आहे. माणूस वाईट नव्हता. माझ्या हातचा ॲपल पाय खाताना खुशीत येऊन तो मला म्हणाला, "तुमचा मुलगा फार काळजी घेणारा माणूस आहे, बाई. एप्रिलमध्ये आम्ही वर गेलो तर फाटक कोणीतरी उघडंच टाकलेलं. एवढ्या वाऱ्यात हा खाली उतरला आणि लावून आला."

नील्स स्टेन्सरुड टोपीकडे बघत बसले. त्या बिचाऱ्या दलालाला आपण काय बोललो तेच कळेना.

कर्टिस म्हणाला, "माझ्या लक्षातच नव्हतं. आणि उघडं फाटक बरं दिसतं का? गिऱ्हाइकाला वाटतं, इथं कोणाचं लक्ष नाही."

रॉबर्टा हातातली ताटली घेऊन उभी होती. तिनं विचारलं, "मी उघडलं होतं ना, कर्टिस?"

तो म्हणाला, "अगं, वासरंच होती ती. आता किती ताणणार?"

मी त्याला सांगितलं, जेवण झालं असेल तर नीघ. तो गेला. जाताना मला म्हणाला की मी म्हातारपणी चक्रम झाले आहे. न्यायाधीशांनी हे त्याच्या तोंडून ऐकावंच.

चूक कोणाच्याही हातून होते. नवऱ्यानं ट्रॅक्टर ओढ्यात घातला होता, मी गोठा पेटवता पेटवता राहिले होते. फाटक लावल्याबद्दल मी त्याला एक दिवस शिव्या दिल्या असत्या आणि रात्री जेवायला वाढलं असतं. पण स्वतः लावून बहिणीला विचारतो, कसं राहिलं? आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी वाळायच्या आत तेच कारण पुढे करून जमीन विकायला काढतो? तो माझा मुलगा आहे. माझं त्याच्यावर प्रेम आहे, ते काही कलमानं रद्द होत नाही. जमीन मात्र मिळणार नाही.

कलम चौथं. बापाचं घड्याळ कर्टिसला द्यावं. बापानं ते त्याच्यासाठीच ठेवलं होतं, माझ्यासाठी नव्हे.

कलम पाचवं, हे रॉबर्टासाठी. डागणीच्या दुसऱ्या दिवशी तू कुंपण दुरुस्त करता करता मला म्हणालीस, "आई, त्याला निम्मं देऊन टाक, मला भांडण नको." मला तुझाही राग आला, बर्टी. अजून आहे. चांगुलपणाचीही एक हद्द असते आणि तू ती ओलांडून पार पलीकडच्या जिल्ह्यात जाऊन बसतेस. तेव्हा अट अशी: माझ्यामागे तू या रानातला एक एकर जरी त्याला दिलास किंवा विकलास, तर सगळी मालमत्ता गावच्या अग्निशमन दलाला जाईल. ते निदान हाक मारली की येतात.

कलम सहावं. हे मृत्युपत्र मी मेल्यावर उघडायचं नाही. रविवारी कर्टिस विक्रीचे कागद घेऊन माझी सही घ्यायला येणार आहे. चर्चहून आल्यावर, जेवणाच्या टेबलावर, दोघांना समोर बसवून मी हे स्वतः वाचणार आहे. रॉबर्टा म्हणेल, नको. तरी वाचणार. मेल्यावर मला त्यांची तोंडं दिसणार नाहीत.

कलम सातवं आणि शेवटचं. यात काही देणं-घेणं नाही. वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्रात असलं कलम नसतं. माझ्यात आहे. मी, व्हर्ना हॉगन, दोन साक्षीदारांसमोर आणि देवासमोर जाहीर करते, की त्या सकाळी वरच्या कुरणाचं फाटक माझी मुलगी रॉबर्टा हिनं उघडलं होतं, आणि ते उघडंच होतं. बर्टी, आता यावर सरकारी शिक्का बसेल. आता तरी झोप.

सही: व्हर्ना हॉगन

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
१. नील्स स्टेन्सरुड, रँचमालक, विलो फोर्क
२. ग्लॅडिस ट्वेड्ट, पोस्टमास्तर, विलो फोर्क

ठिकाण: विलो फोर्क, मोंटाना
दिनांक: १० जून २०११