काही न घडणारी टाकी

१२ मार्च

प्रिय आई,

इतके दिवस पत्र नाही, माफ कर. मी बरी आहे, वेळेवर जेवते. आज मात्र फार राग आलाय.

इथे प्रयोगशाळेजवळच्या तळ्यातल्या गोगलगायी मरताहेत. माझा अंदाज असा, की गढूळ पाण्यात ऊन पोचत नाही, शेवाळ वाढत नाही, म्हणून त्या उपाशी मरतात. पडताळायला दोन टाक्यांत सारख्याच गोगलगायी सोडल्या; एक टाकी काळ्या कापडाने झाकली, दुसरी तुलनेसाठी उघडी ठेवली. आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांनी उघडी ओतून दिली! वर म्हणतात,

"बाई, तिच्यात काही घडतच नव्हतं."

"अहो, म्हणूनच ठेवली होती!" मी ओरडलेच.

आता झाकलेल्या टाकीतल्या मेल्या, तरी अंधारामुळेच मेल्या हे कशावरून? माझं चुकतही असेल; पण ते कळायची वाटच बंद केली यांनी.

तुझा गुडघा कसा आहे?

तुझी धाकटी

ता. क. उद्या झाकलेलीही ओतून दोन्ही टाक्या एकदमच नव्याने भरायच्या, म्हणजे तुलना पुन्हा पहिल्यापासून करता येईल.