तांबड्या ग्रहाच्या राणीची ओटी

पाली, १८ नोव्हेंबर २०२४

चि. हरिओम यास वनमाला आत्याचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल आहे. तुझी खुशाली कुणालाच ठाऊक नाही. फोन चार महिने बंद, म्हणून तुझ्या मित्राकडून पुण्याचा पत्ता काढला.

सिनेमा अर्धा टाकून गेलास, त्याला कारण काय, तर ओटी! तांबड्या ग्रहाची राणी पृथ्वीचं पाणी लुटायला आपल्या धरणावर उतरते आणि बायका घाबरून पळतात, असं तू लिहिलं होतंस. पण राणी झालेली करिष्मा मुकुट घालून दारात आली आणि तुझ्या आईने चालू कॅमेऱ्यासमोर तिची ओटी भरली. वहिनीचं म्हणणं एवढंच, की पहिल्यांदा दारात आलेली लेक रिकामी कशी धाडावी, मग ती कुठली का असंना. तू चारचौघांत आईला अडाणी म्हणालास आणि न जेवता निघून गेलास.

धोंडीराम अजून सेनापतीचा पोशाख घालून रोज विचारायला येतो. तू येणार नसशील तर उरलेला सिनेमा मी पूर्ण करते. तीस वर्षं शाळेची स्नेहसंमेलनं बसवली आहेत, हेही बसेल. होकार कळव.

लोभ आहेच, तो फोन सुरू करून वाढवावा.

तुझी,
वनमाला आत्या

पुणे, २५ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यांस हरिओमचा सा. न. वि. वि.

करा पूर्ण. माझं आता त्या सिनेमाशी काही देणंघेणं नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा, की राणी प्रकाशावर जगते, तिला नारळ देऊन उपयोग नाही. शेवटी पृथ्वीचा स्फोट होतो. तो मी सहा महिने खपून बनवला आहे. तो बघून माणसं सुन्न झाली पाहिजेत. विज्ञानाशी खेळ करू नका.

आणि ओटी ठेवणार असाल तर माझं नाव काढा. कुठेही दिसता कामा नये.

आईचा गुडघा कसा आहे? सहज विचारलं.

लोभ कमी झालेला नाही, तूर्त पुण्यातच ठेवला आहे.

आपला,
हरिओम

पाली, १० जानेवारी २०२५

चि. हरिओमला अनेक आशीर्वाद.

मला तुम्ही कधीपासून म्हणायला लागलास? राग पोचला. गुडघा बरा आहे.

सिनेमा झाला! मधेच धोंडीरामचे चुलते वारले आणि दहाव्याला त्याने डोकं, मिशा सगळं उतरवलं. निम्म्या युद्धात सेनापतीला झुपकेदार मिशा, निम्म्यात चकोट. मग राणीच्या किरणांनी केस उडाले असं दाखवलं. बायकांची वेगळीच शंका, की राणी सवाष्ण आहे का? म्हणून तिचे मालक शनीवर नोकरीला आहेत, असं एक वाक्य घातलं.

ओटी ठेवली आहे. ओटी भरली म्हणजे ती गावाची लेक झाली आणि लेक माहेर लुटत नसते. एक कॅन पाणी घेऊन परत जाते बिचारी. तुझा स्फोट वाया घालवला नाही. पृथ्वी फुटत नाही, पण राणीच्या पाठवणीला आतषबाजी म्हणून लावला आहे. लई देखणा दिसतो.

तुझं नाव काढलं. कॅमेरावाल्या पप्पूचा हात धजेना, मीच काढायला लावलं. वहिनीला सांगायचा मला धीर झाला नाही.

रविवारी १९ तारखेला दुपारी तीन वाजता शाळेच्या हॉलमध्ये, खिडक्यांना घोंगड्या लावून दाखवणार आहोत. यावंस असं फार वाटतं.

लोभ असावा, आणि जमलं तर सोबत आणावा.

तुझी,
वनमाला आत्या

पुणे, २० जानेवारी २०२५

ती. आत्याला हरिओमचा साष्टांग नमस्कार.

मी आलो होतो. कानटोपी आणि मास्क लावून मागच्या भिंतीशी बसलो होतो. राणीचे मालक शनीवर म्हटल्यावर मास्क चावून हसलो. विज्ञानाचं तू पार वाटोळं केलंस. माझ्या स्फोटाला सुन्न व्हायचं सोडून लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि शेजारच्या आजी राणी निघाली म्हणून पदराने डोळे पुसत होत्या. खोटं कशाला बोलू, मीही पुसले.

मग नावं आली. चहावाल्याचं आलं, ट्रॅक्टरवाल्याचं आलं. आईला वाचता येत नाही, म्हणून ती दर नावाला शेजारणीला विचारत होती, की हे का माझ्या हरिओमचं. सगळी नावं संपली. मग ती उभी राहिली आणि तिने अख्ख्या हॉलला विचारलं, की माझ्या लेकराचं नाव कुठं हाय, आन् न्हाई तर का म्हून न्हाई. मी दहा पावलांवर होतो. कानटोपी काढायची हिंमत झाली नाही. सरळ एसटी धरली.

आत्या, माझं नाव घाल. तुझ्या खाली, चहावाल्याच्या खाली, कुठेही. फोन सुरू केला आहे, पण आईला फोन करायला तोंड नाही.

लोभ मागण्याचा हक्क नाही, तरी मागतो.

तुझा,
हरिओम

पाली, ३ फेब्रुवारी २०२५

चि. हरिओम यास आशीर्वाद.

फोनवर सांगता येण्यासारखं नाही, म्हणून पुन्हा पत्रच.

गावाच्या आग्रहाखातर काल सिनेमा परत लावला. तुझं नाव आलं तसं पप्पूला तिथंच थांबवायला सांगितलं आणि वहिनीला ओळ दाखवली. ती उठली ती थेट पडद्यापाशी गेली आणि त्या अक्षरांना हात लावायला लागली. पण ती उजेडाच्या मधे आल्यामुळे नाव तिच्याच पाठीवर पडलं. मागून लोक ओरडले, की छबुबाई, खाली बसा की, काईच दिसत न्हाई. ती काही बसली नाही. आम्ही सगळ्यांनी तुझं नाव तिच्या पाठीवरच वाचलं.

पप्पूने फोटो काढला आहे. पाठवत नाही. इथं येऊन बघ.

माझा लोभ नेहमीचाच. तिचा मोजता येणार नाही.

तुझी,
वनमाला आत्या