वेडिंगच्या खिडकीतली बाई

मी, छाया सदानंद कारखानीस, वय ६३, निवृत्त इतिहास शिक्षिका, राहणार करामा, दुबई, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे.

१. कोथरूडचा फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक पती सदानंद यांना. त्यांच्या पश्चात मुलगी अवनीला.

२. शिलाई मशीन शेजारच्या रशीदाला. तसेही ते तिच्याकडेच असते.

३. माझे नाटक 'मोर्चाबंदी'. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. १ मे १९२९ला बर्लिनमध्ये कामगारांच्या मोर्चांवर बंदी होती. तरी लोक निघाले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. वेडिंग नावाच्या कामगारवस्तीत मोर्चाशी संबंध नसलेली माणसेही मेली. माझ्या नाटकातली बाई मुलाला हाक मारायला खिडकीत येते, आणि तिला गोळी लागते. दोन वर्षे खपून लिहिले आणि इथल्या आमच्या मराठी मंडळाला दिले.

अध्यक्ष निखिल म्हणाले, "काकू, इथे स्टेजवर मोर्चा-बिर्चा नको. परमिशनचा लोचा होतो."

"मग परत द्या."

"अहो, आम्ही बघतो ना!"

बघितले ते असे, की दिवाळीच्या कार्यक्रमात वेडिंगचे लग्न झाले आणि ती बाई झाली रुसलेली विहीण. लेखिका म्हणून माझेच नाव! खिडकी बांधणारा सुतार मुनीर विंगेतून विचारत राहिला, "मॅडम, गोळी कधी सुटणार?" सदानंद पहिल्या रांगेत पोट धरून हसत होते. घरी म्हणाले, "लोकांना आवडलं ना? मग खलास!"

४. मंडळाने माझी शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर निखिल यांनी भाषण करू नये.

५. परवा अवनीने मूळ नाटक वाचले. मराठी अडखळत वाचते, पण संपवले. मग विचारले, "आई, पोलिसांना पनिशमेंट?"

"कोणालाच नाही."

"देन व्हाय डिड यू लेट देम मेक इट फनी?"

"मला कोणी विचारलंच नाही गं."

"सो? से नो नाउ."

म्हणून लिहिते: नाही. ते लग्नाचे नाटक माझे नाही. त्यावरून माझे नाव काढावे. 'मोर्चाबंदी'चे सर्व हक्क अवनीला. एकही ओळ न गाळता, परवानगी मिळेल त्या गावी प्रयोग करावा. कुठेच मिळाली नाही, तर घरी बसून मोठ्याने वाचावे.

सही: छाया कारखानीस

आमच्यासमोर सही केली:
मुनीर इब्राहिम परकार, अल क्वोज
वैभवी निनाद प्रधान, अल नहदा

दुबई, १२ ऑगस्ट २०२४