साडूचा डबा आणि माझी यंत्रणा

सोमवार, ३ मार्च
होम थिएटर पीसी, म्हणजे टीव्हीवर सिनेमे लावायचा माझा कम्प्युटर, तयार. आवाज नाही, उष्णता नाही, टीव्हीखाली सरकवल्यावर दिसतसुद्धा नाही. ही म्हणाली, तेवढं एक बरं केलंस.

सासरेबुवांची दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. नव्या डोळ्यांनी पहिलं काय बघायचं, तर खोल समुद्रातले मासे. स्वतः दुकानात जाऊन ब्लू-रे डिस्क आणलीय. साडूकडे बघणार होते! साडूचा प्लेअर म्हणजे एक काळा डबा. डिस्क घाला, बटण दाबा, संपलं. यात माणसाचं कर्तृत्व काय? मी सांगून टाकलं, बाबा, रविवारी सकाळी आमच्याकडे. डिस्क तयारीसाठी घेऊनच आलो. जावईबापू नक्की ना, म्हणाले. मी नुसता हसलो.

मंगळवार, ४ मार्च
कम्प्युटर डिस्क ओळखेना. ड्राइव्ह डीव्हीडीचा निघाला. चूक माझी नाही. त्याला निळा दिवा आहे, कुणीही ब्लू-रेच समजेल. ही म्हणाली, मिक्सरलाही निळा दिवा आहे, त्यात घालून बघ.

बुधवार, ५ मार्च
नवा ड्राइव्ह. डिस्क फिरली! चित्र नाही. डिस्कला म्हणे कुलूप असतं, आणि किल्ली प्लेअर सॉफ्टवेअरकडे लागते. मी फुकटचं उतरवलेलं, त्याच्याकडे किल्ली नाही. सासरेबुवांचा चौकशीचा फोन. मी रीतसर विकत घेतलीय, मग कुलूप कुणासाठी, म्हणाले. प्रश्न बाळबोध आहे. उत्तर उद्या शोधतो.

गुरुवार, ६ मार्च
सॉफ्टवेअर विकत घेतलं. पडदा काळा. कारण कळलं: कम्प्युटर टीव्हीला आधी विचारतो, तू चोरून रेकॉर्ड तर करत नाहीस ना? टीव्हीने खात्री दिली की चित्र सोडतो. आमचा टीव्ही गप्प. ही म्हणाली, सोयरीक जुळवण्याआधी दोघांना विचारायचं तरी होतंस.

संध्याकाळी साडूचा फोन. काय दादा, मासे गळाला लागले का? हिने मागून ओरडून सांगितलं, अजून जाळं विणतोय.

शुक्रवार, ७ मार्च
डोकं दुखतंय सांगून ऑफिसातून लवकर निघालो. खोटं नव्हतं. नवी केबल लावली आणि चित्र आलं! कॉपी करणाऱ्यास शिक्षा होईल, अशी सूचना. पुढे ढकलता येत नाही, म्हणून पूर्ण वाचली. काय ती अक्षरं! हिला हाक मारली. म्हणाली, इतक्या स्वच्छ अक्षरांत मला आजवर कुणी दम दिला नव्हता. पुढे सगळं थिजलं. पण सूचना येते म्हणजे नव्वद टक्के काम झालं.

शनिवार, ८ मार्च
मासा! एकच. डावीकडून उजवीकडे गेला. तिथेच बंद केलं. निश्चय: चालत्या यंत्राला हात लावायचा नाही.

दुपारी: थोडा लावला. आवाज सात स्पीकरवर नेऊन पाहिला. आपल्याकडे दोन आहेत. परत आणला, बहुतेक.

बाबांना कळवलं, सज्ज आहे. नवा सदरा घालून येतो, म्हणाले.

रविवार, ९ मार्च
सकाळी दहा. सासरे, सासूबाई, मेव्हणी, साडू, सगळे हजर. बाबा सोफ्याच्या मधोमध, सदऱ्याची घडीसुद्धा मोडलेली नाही. ब्लू-रे म्हणजे काय, यावर मी चार शब्द बोललो. सासूबाईंनी विचारलं, यात मासे कधी येतात? बटण दाबलं.

किल्लीची मुदत संपली, अपडेट करा, असं आलं. पाच मिनिटांचं काम.

साडेदहा. दोन टक्के.

अकरा. चार टक्के. बाबा उठून पडद्याजवळ गेले, आकडा वाचला. म्हणाले, चार मात्र अगदी स्पष्ट दिसतो हो. कौतुकच म्हणायचं. साडू म्हणाला, आमचं घर दोन गल्ल्या सोडूनच आहे. त्याला कुणी विचारलं होतं?

साडेअकरा. सगळे पाय मोकळे करायला गेले. हीसुद्धा. जाताना हिने सेफ्टी पिनेने ड्राइव्हच्या भोकात काहीतरी केलं, खट्ट वाजलं, आणि पर्स मिटून निघाली. आठवडाभरात पहिल्यांदाच मदतीचा हात. बरं वाटलं.

सव्वाबारा. बाबांचा फोन, आवाज लहान मुलासारखा. जावईबापू, एकेक खवला मोजून घ्या! अंधारात स्वतःचा दिवा घेऊन हिंडतोय हो एक! मागे सगळ्यांचा गलका. म्हणजे साडूने गुपचूप तीच डिस्क आणून ठेवली होती. जळकुकडा.

असो. त्या डब्यावर मासे कितीसे दिसणार? बाबा भिडस्त आहेत, तोंडावर सांगायचे नाहीत. परत आले की खरं काय ते दाखवतो.

दुपारी दोन. शंभर टक्के! किल्ली मिळाली. टीव्ही तयार. आवाज दोन्हीकडून. सोफ्याच्या मधोमध बसलो, बटण दाबलं.

पडद्यावर आलं: डिस्क घाला.