पुष्पाकाकीच्या चुलीवरचे बोंबील

भाविनी,

मी तलासरीच्या बाजाराला निघाले. तुझा फोन पेपर संपेपर्यंत माझ्याजवळ आहे, म्हणून चिठ्ठी ठेवते.

आजी देवळातून यायच्या आत जेव. पिठाच्या डब्यामागे बोंबलाचं कालवण आहे. मागच्या अंगणात बसून खा आणि भांडं लगेच घास.

बारावीचा निकाल लागेपर्यंत या घरात मासळी शिजणार नाही, असा नवस आजी महालक्ष्मीला बोलून आलीय. म्हणून मी पुष्पाकाकीच्या चुलीवर शिजवलं. तेवढं चालत असेल ना गं? पण काल पाठ असलेलं उत्तर तू अर्ध्यात विसरलीस, पुस्तकावरच झोपलीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त कमी आहे, सगळं खायला घाला. लोकांच्या पोरांसाठी मी रोज टोपली भरून मासळी विकायला नेते आणि माझ्या पोरीचं डोकं नुसत्या वरणभातावर कसं चालेल? या विचाराने माझा डोळा लागत नाही.

पेपर कसेही जावोत, तू खात राहा.

माझ्यासाठी तुकडा ठेवू नकोस. देवी तुझ्यावर रागवू नये म्हणून मी मासळी सोडलीय, जन्मभरासाठी. आजीला यातलं काही कळू देऊ नकोस.

आई