आम्ही गवतात गेलोच नाही

२ ऑगस्ट
आले एकदाची पिरासिकाबा शहरात, लेकीकडे, कायमची! खेड्यातलं घर पुतण्याला दिलं. त्याची बायको माझ्या कोंबड्या उपाशी मारणार, लिहून देते. सहा वर्षांची नात तैनारा म्हणाली, "आजी, घोरायचंच असेल तर माझ्या खोलीत घोर." म्हातारपणी रात्रशाळेत अक्षरं गिरवली म्हणून हे सुख लिहिता तरी येतंय. लेकीची, इव्होनेतेची, एकच ताकीद: पोरीला नदीकाठच्या गवतात न्यायचं नाही, गोचिडी आहेत. नेलं तर त्याच बसनं परत पाठवीन म्हणाली. आईला धमकी! शोभते माझीच मुलगी.

५ ऑगस्ट
लेक कामावर, आम्ही दोघी नदीवर! कापिवारांचं अख्खं खटलं पाण्यात बसलेलं. डुकराएवढे उंदीर, पण तोंडं पाद्रीबाबासारखी गंभीर. तैनारा हसून हसून गवतात लोळली. घरी येऊन बघते तर पोरीच्या पोटऱ्यांवर, काखेत गोचिडी, तिळाएवढ्या. त्यात काय? जन्म गेला गाईंच्या नि पोरांच्या गोचिडी काढण्यात. एकेक उपटली, दोन्ही अंगठ्यांच्या नखांत धरून चिरडली, आमच्या आईनं शिकवलं तशी. फट्! तैनाराला गंमत वाटली. तिच्या आईला सांगायचं नाही, असं दोघींचं ठरलं.

९ ऑगस्ट
शेजारचा घोडेवाला सेउ बेलमिरो कॉफीला आला. केकचे दोन तुकडे जास्तच खाल्ले मेल्यानं. मी नखांनी गोचिडी चिरडल्याची बढाई मारली, तर कप खाली ठेवून म्हणाला, "दोना अल्झिरा, अक्कल गावालाच ठेवून आलात का? विष त्यांच्या पोटात असतं, चिरडलं की अंगात शिरतं." घोड्यांच्या, कापिवारांच्या अंगावर पोसतात म्हणे, आणि मारतात माणसाला. त्याचा भाऊ तापानं आठवड्यात गेला. दवाखान्यात गोचिडीचं कुणी बोललंच नाही, म्हणून औषध चुकलं. मी म्हटलं, "तुमचा भाऊ दारूनं गेला म्हणतात." तो हसला नाही.

१२ ऑगस्ट
तैनाराला ताप. डोकं फुटतंय म्हणते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गवतात गेली होती का? इव्होनेते म्हणाली, "छे! आमची आई असते ना सोबत." बाई माझ्याकडे बघत होत्या. मी — नाही म्हणून मान हलवली. मग डेंग्यू असेल म्हणाल्या. तापाच्या गोळ्या दिल्या.
उद्या सांगेन.

१४ ऑगस्ट
नाही सांगितलं. इव्होनेतेनं आज माझ्या गळ्यात पडून म्हटलं, आई, तू आहेस म्हणून निभावतंय. कसं सांगू?
पोरीच्या घोट्यांवर तांबडे ठिपके. मी मोजे चढवले. थंडी वाजते तिला, म्हणून सांगितलं.
माझंही अंग कसकसतंय.

१५ ऑगस्ट
ठिपके तळहातांवर. तैनारा मला ओळखत नाही —
माझ्याही मनगटावर तीन.

१६ ऑगस्ट
पहाटे इव्होनेतेनं तिला मोठ्या इस्पितळात नेलं. मला उठवेना.
दहाला फोन. आई, डॉक्टर परत परत विचारतायत, एकदा खरं सांग, तुम्ही दोघी गवतात गेला होतात का?
नाही म्हणाले. जिभेनंच म्हटलं — मी नाही —
ठेवला तिनं. मग परत लावायला गेले तर खाली पडले. फोन टेबलावर, वही हाताशी.
इव्होनेते, गेलो होतो. पाच तारखेला. गोचिडी होत्या, खूप. डॉक्टरांना म्हणावं औषध बदला, अजून वेळ —
वाजतोय. तूच असशील. येते गं, थांब, ठेवू नकोस, हात पोचत —